लेन्सवाले काका, तुमचे जाहीर आभार

काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता कुठे लिहायचा नाही, ही अट तुम्ही आधीच घालून ठेवली आहे. "आहेत ती गिऱ्हाइकं सांभाळताना नाकी नऊ येतात, आणखी पाठवू नकोस," असं म्हणालात. बरं, नाही लिहीत. आभार मात्र चारचौघांतच मानणार. भिगवणच्या पक्ष्यांचे किंवा ताडोब्याच्या वाघांचे फोटो टाकले की कुणाचा ना कुणाचा निरोप येतोच, "लेन्स कुठली? मी पण तीच घेऊ का?" मग तुम्ही सांगितलेलं मी तुकड्या-तुकड्यांनी सांगत बसते. एकदा सगळं सलग लिहून ठेवलं की पुढच्याला हे पत्रच धाडता येईल.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे निकॉनची डी७५०० बॉडी (म्हणजे नुसता कॅमेरा) आणि ७०-३०० मिलिमीटरची लहान झूम लेन्स होती (हा आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). नवीन घ्यायच्या लेन्ससाठी तीन नावं काढून आणली होती: निकॉनची २००-५००, टॅमरॉनची १५०-६०० जी२ आणि सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी. तिघींच्या तोंडाला ९५ मिलिमीटरचा फिल्टर बसतो, तिन्ही मला जरा परवडण्यापलीकडच्याच. यातली एक दिवसाच्या भाड्याने न्यावी आणि जाता जाता तुमचं मत विचारावं, एवढाच बेत होता. तुम्ही ड्रॉवरमधून मोजायची टेप काढलीत आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलंत.

समोर गल्लीत कुणाची तरी अ‍ॅक्टिव्हा आडवी लावलेली होती. दुकानाच्या पायरीपासून तिच्यापर्यंत दहा मीटर भरेपर्यंत आपण मागेपुढे सरकलो, एका रिक्षावाल्याचं बोलणंही खाल्लं. मग २००-५०० माझ्या कॅमेऱ्याला चढवून तुम्ही म्हणालात, "हा तुझा वाघ. बसव फ्रेममध्ये." लेन्स २०० वर, म्हणजे तिच्या सगळ्यात रुंद टोकाला होती. तरी पुढच्या चाकापासून सीटच्या मध्यापर्यंतच गाडी मावली. मागचं चाक बाहेरच.

पाठकोऱ्या बिलावर तुम्ही करून दिलेला हिशोब अजून माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे. सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागाची) रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा तो २००, ५०० चा आकडा), गुणिले अंतर. माझ्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर. २०० वर, दहा मीटरवरून, फ्रेममध्ये येणारी जागा जेमतेम १.१८ मीटर. आडवा उभा असलेला मोठा वाघ शेपूट सोडूनही दीड मीटरच्या पुढे जातो. आणि ताडोब्यात वाघ रस्ता धरून जिप्सीकडे चालत येतो तेव्हा दहा-वीस मीटर हे अंतर काही नवलाचं नाही. तिथे ६०० लावून बसलेल्याला मिशा आणि नाक मिळतं. "वाघासाठी तुझी ७०-३०० पुष्कळ झाली. मोठी लेन्स वाघासाठी घ्यायला येतात, त्यांना मी हेच सांगतो. मग ते पुढच्या दुकानात जातात," असं तुम्ही इतक्या सहज म्हणालात की क्षणभर मला वाटलं, तुम्हाला धंदा करायचाय की नाही?

मोठी लेन्स लागते ती पक्ष्यांना, हे त्याच बिलाच्या खालच्या अर्ध्यात. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६ सेंटीमीटरच्या आसपास. वीस मीटरवर ३०० ने तो फ्रेमच्या रुंदीचा दहावा हिस्सा व्यापतो, ५०० ने सहावा, ६०० ने पाचवा. ३०० वरून ५०० वर गेलं की चित्र पालटतं. ५०० आणि ६०० मधला फरक सहाव्या आणि पाचव्या हिश्श्याचा. तेवढा भरून काढायला वीस मीटरऐवजी पावणेसतरा मीटरवर जावं लागतं, आणि भिगवणला नाव चालवणाऱ्या माणसाला ते काम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं. नुसत्या १०० मिलिमीटरसाठी टॅमरॉन किंवा सिग्मा घेण्याचं माझं कारण तिथेच गळून पडलं.

उजेडाचा मुद्दाही तुम्ही वाढवून सांगितला नाहीत, हे मला विशेष आवडलं. निकॉनची लेन्स २०० पासून ५०० पर्यंत एफ ५.६ राहते (हा आकडा लहान, तितका उजेड जास्त), बाकीच्या दोघी लांब टोकाला ६.३ वर जातात. हा फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), फोटोत डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. माझ्या डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या फोकसला मात्र ५.६ सोयीचं, कारण कडेचे फोकस बिंदू तिथपर्यंत भरवशाने काम करतात. शिवाय उद्या निकॉनचीच मिररलेस (बिनआरशाची) बॉडी घेतली तर जुन्या लेन्स तिला जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून ही लेन्स ऑटोफोकससकट चालते. हे सगळं झाल्यावर तुम्ही त्याच दमात तिचे दोषही वाचून दाखवलेत. फोकस मंद. झूमची रिंग इतकी लांब फिरते की २०० वरून ५०० ला जाताना मनगट एका पिळात पुरत नाही, पकड बदलावी लागते, तोवर पक्षी गेलेला असतो. वजन २.३ किलो, म्हणजे सिग्मा कंटेम्पररीपेक्षा साडेतीनशे ग्रॅमहून जास्त. आणि मित्राच्या डी९० वर लावू नकोस, उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या तिच्या इलेक्ट्रॉनिक अ‍ॅपर्चरला ती जुनी बॉडी ताब्यात ठेवू शकत नाही. (मित्राकडे डी९० आहे हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं, ते मला आजही आठवत नाही.)

मग ती एका दिवसाच्या भाड्यावर दिलीत आणि वर हुकूम, "ताडोब्याला नको नेऊस, भिगवणला ने. नावेत बसून हातात धर, मग बोलू."

बोलण्यासारखं बरंच निघालं. कुंभारगावच्या काठावरून निघालेल्या त्या अरुंद नावेत ट्रायपॉडचं काही काम नाही. नाव हलते, आपणही हलतो, उभं राहायची सोय नाही. कॅमेऱ्यासकट तीन किलोचं धूड हातात, झूम लांबवली की नळी पुढे येते आणि सगळा भार डाव्या तळहातावर उतरतो. पहिला अर्धा तास मजेत गेला. पुढे रोहित पक्ष्यांचा थवा उठला तेव्हा माझा हात आधीच भरून आला होता. तुम्ही सांगितलेल्या दोन युक्त्या कामी आल्या. एक म्हणजे पट्टा कॅमेऱ्याला न अडकवता लेन्सच्या कॉलरला (तिच्याभोवतीच्या ट्रायपॉडच्या कड्याला) अडकवायचा, त्यामुळे माउंटवर, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर ताण येत नाही. दुसरी, कॉलरचा पाय फिरवून वर घ्यायचा, म्हणजे खाली तळहाताला पकड मोकळी मिळते आणि उचलताना तोच पाय कडीसारखा धरता येतो. शिवाय कोपर बरगडीला टेकवायचं आणि पक्षी नसताना लेन्स मांडीवर ठेवायची. हे शेवटचं किती साधं! पण कुणीतरी सांगावं लागतं.

व्हीआरचा, म्हणजे लेन्समधल्या थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचा गैरसमजही त्याच नावेत गेला. माझा हात थरथरतो ते ती सावरते, चित्रबलाकाचे पंख हलतात ते नाही. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड लागतोच, मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. आणि दहा वाजून गेल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की लांबचे सगळेच फोटो लोण्यासारखे मऊ येतात. घरी येऊन मी लेन्सचा फोकस बिघडलाय म्हणून तुम्हाला फोन केला, तर तुम्ही आधी वेळ विचारलीत. सकाळी सातच्या फोटोंकडे बघ, म्हणालात. सातचे फोटो लख्ख होते. असल्या हवेवर दहा लाखांची लेन्ससुद्धा काही करू शकत नाही.

तरी मी तीच घ्यायची ठरवली. वजन सोसेन, हौसही आहे. पण माझी भाची आली तेव्हा तुम्ही अगदी उलटा सल्ला दिलात, आणि तो सगळ्यांनी ऐकण्यासारखा आहे. तिच्याकडे कॅननची आर७, आणि पाठीवर सॅक टाकून डोंगर चढत पक्षी बघणं हा तिचा छंद. तिला तुम्ही आरएफ १००-५०० दाखवलीत. ट्रायपॉड कॉलर काढली तर १.३७ किलो, कॅननच्या क्रॉपच्या १.६ पटीने लांब टोक ८०० सारखं भासतं. लांब टोकाला एफ ७.१ आहे, म्हणजे ५.६ पेक्षा दोन तृतीयांश स्टॉप अंधार, हेही सांगितलंत. पावसाळ्यात सदाहरित जंगलात ते जाचणार. तिचं उत्तर होतं, "घरी ठेवलेल्या ५.६ पेक्षा बरोबर नेलेली ७.१ बरी." तुम्ही हसलात आणि तिच्याकडून भाडं कमी घेतलंत. माझ्याकडून कधी कमी घेतलं नाहीत, हे नोंदवून ठेवते.

सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० या दोघी झूम करताना लांब होत नाहीत, त्यामुळे हातातला तोल ढळत नाही, रिंगही थोडक्यात फिरते. मिररलेसवाल्यांनी आधी त्या हातात धरून बघाव्यात, असं तुमचं मत. माझंही तेच झालंय, फक्त पैसे नाहीत.

खरेदीच्या वेळी तुम्ही नसता तर मी एका दुकानात "बिल नको असेल तर बरंच कमी करून देतो" या वाक्याला भुलले असते, इतकी ती किंमत गोड होती. तुम्ही जुन्या लेन्सच्या मालकाकडे नेलंत, बिल, खोका, वॉरंटी कार्ड सगळं असलेल्या. तिथलं तुमचं तपासणं मी डोळे भरून पाहिलं. दोन्ही झाकणं काढून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारलात आणि काचेत बुरशीची जाळी दिसते का ते फिरवून फिरवून बघितलंत. धुळीचे दोन-चार कण दिसले, ते सोडून दिलेत. मागच्या स्क्रूंच्या डोक्यांवर कुणी पेचकस चालवल्याच्या खुणा आहेत का, ते नखाने चाचपलंत. लेन्स तोंड खाली करून धरलीत, नळी आपोआप घसरते का बघायला. शेवटी समोरच्या सोसायटीच्या पाटीवर ५.६ लाच फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहिलेत, एक कोपरा जास्त पुसट आहे का म्हणून. अर्धा तास गेला. मालक वैतागला होता. मी दलालीचं विचारलं तर तुम्ही फक्त चहा सांगायला लावलात.

पुण्यातला पावसाळा निभावला, पण चिपळूणला माहेरी जाते तेव्हा तुमच्या सांगण्याप्रमाणे लेन्स पिशवीत कधीच राहत नाही. आईचा पोह्यांचा मोठा हवाबंद डबा मी बळकावला आहे, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असला की मी निवांत. आईचे पोहे सध्या स्टीलच्या पातेल्यात आहेत आणि त्यावरून बोलणी खाते, ते वेगळं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला न विचारता लिहिते. माझ्यासमोर एकजण मोठी लेन्स मागायला आला होता, घरट्यातल्या पिल्लांना चारा भरवतानाचे फोटो हवे म्हणून. आगाऊ पैसे काढून ठेवले होते त्याने. तुम्ही नाही म्हणालात. घरट्यासाठी माझी लेन्स जात नाही, एवढंच. त्याने हुज्जत घातली, तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाची पावती फाडायला घेतलीत. भाड्याने देणाऱ्याने असं म्हणणं किती महागात पडतं, हे मला तुमच्या भाड्याच्या वहीकडे बघून कळतं. त्यासाठीचे आभार माझे नाहीत, पण ज्यांचे आहेत ते पत्र लिहीत नाहीत.

शनिवारी दुकानात येते आहे. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा आकडा १.४ पट करणारा जोड) एकदा लावून बघायचा आहे. ७०० एफ ८ होईल, माझ्या बॉडीवर फोकस जेमतेम मधल्या बिंदूवर चालेल, तुम्ही "नको" म्हणणार, सगळं ठाऊक आहे. तरी लावून बघू द्या. तुमची बीन बॅगही (लेन्स टेकवायची कडधान्याची पिशवी) परत आणते. तिच्यातला राजमा ताडोब्याहून आल्यावर आम्ही शिजवून खाल्ला, म्हणून मूग भरले आहेत. वजन साधारण तेवढंच भरेल.

तुमची,
लेन्स नेहमी तासभर उशिरा परत करणारी