आधी पंखा बंद कर

काका, सा. न.

हे उघड लिहितोय ते मुद्दाम. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का" म्हणून विषय मोडता.

लोकांना थोडं सांगायला हवं. मी बनवलेला कॉम्प्रेसर फ्रिजचा नाही (आईला अजून तसंच वाटतं), आवाजाचा आहे. अमेरिकन ध्वनी-अभियंते बिल पटनम यांनी १९६७ मध्ये बाजारात आणलेल्या ११७६ नावाच्या कॉम्प्रेसरच्या सर्किटवरून बांधलेला. गाणाऱ्याने अचानक वरचा सूर लावला की एक फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) रेझिस्टरसारखा वागून आवाज आवरतो, एवढंच त्याचं काम. आमच्या कळव्याच्या भजनी मंडळाला याची फार गरज. बुवांचा गजर सुरू झाला की मीटरचे लाल दिवे विझतच नाहीत.

बांधणं दोन महिन्यांत झालं. कॅलिब्रेशनने, म्हणजे ते अचूक जुळवण्याने, मात्र रडवलं. १ किलोहर्ट्‌झचा सूर सोडायचा, आउटपुट ०.८६९ व्होल्टवर आणायचं, मग बायसचा (फेटला कायम दिलेल्या व्होल्टेजचा) ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरणारा छोटा रेझिस्टर, ते ०.७७५ वर येईपर्यंत फिरवायचा, म्हणजे बरोबर एक डेसिबल खाली. रात्री मी ते अचूक लावून झोपायचो आणि सकाळी काटा शून्यावर नसायचा. आवाज १० डेसिबल दाबला तरी मीटर सात दाखवायचा. तीन आठवडे ते ट्रिमर पिळले. शेवटी एकाचा स्क्रूच नुसता फिरायला लागला.

मग नौपाड्यात तुमच्या दुकानात आलो. फोटो दाखवले. तुम्ही म्हणालात, "फोटोत काय दिसणार?" आणि रविवारी, गुडघा दुखत असताना, आमचे तीन जिने चढून आलात.

आल्यावर पाणीही न घेता पहिलं वाक्य: "आधी पंखा बंद कर."

एप्रिलचा उकाडा, वर पंखा पाचवर आणि खाली उघडं सर्किट. फेटचा बायस तापमानाबरोबर हलतो हे मी वाचलं होतं, पण तो पंखा त्यात धरला नव्हता. झाकण ठेवून अर्धा तास थांबलो, घामाने निथळत. काटा बराच स्थिरावला, तरी मीटर खोटंच बोलत होता. तेव्हा तुम्ही विचारलंत, "आवाजाचा फेट आणि मीटरचा फेट, जोडी लावून घेतलेस का?"

नव्हते घेतले. लॅमिंग्टन रोडवरून दहा आणले आणि हाताला लागले ते दोन लावले. या २एन५४५७ जातीच्या फेटचा कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो बंद होतो तो आकडा, अर्ध्या व्होल्टपासून सहा व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो, हे डेटाशीटमध्ये छापलेलं आहे. दोघे सारखे असले तर गरम झाल्यावर बरोबरीने सरकतात आणि काटा जागेवर राहतो. माझे दोघे दोन दिशांचे.

उरलेले आठ तुम्ही मला मोजायला लावलेत. ड्रेनला नऊ व्होल्टची बॅटरी, गेट ग्राउंडला (बॅटरीच्या उणे टोकाला) आणि सोर्सवर मल्टिमीटर. पहिला मी बोटांनी धरून लावला तर आकडा थांबेचना. "बोटाची ऊब आहे ती," म्हणत तुम्ही खिशातून चिमटा काढलात. प्रत्येकाला दोन मिनिटं. १.४२, १.९७, १.६१, २.३... सहावा निघाला १.६२. तुम्ही १.६१ वाल्याकडे बोट दाखवलंत आणि डोळे मिटून बसून राहिलात. सोल्डरिंगला हात लावला नाहीत. तेव्हा राग आला होता, खरं सांगतो.

त्या संध्याकाळी १० डेसिबलला मीटरने दहा दाखवले. दुसऱ्या दिवशीही.

पैशांचं विचारलं तर म्हणालात, भजन ऐकव. परवा ऐकवलं. बुवांचा आवाज छान बसलाय म्हणालात, आणि लगेच, "पखवाजाची थाप कुठे गेली? अटॅक कुठे ठेवलायस?" अटॅक म्हणजे आवाज किती झटकन दाबायचा ते बटण. मी ऐटीत सांगितलं, सातवर, सगळ्यात सावकाश. तुम्ही इतके हसलात की काकू बाहेर आल्या. या यंत्रावर ते बटण उलटं, सात म्हणजे सगळ्यात झटपट, २० मायक्रोसेकंद!

घरी येऊन एकवर फिरवलं. थाप थोडी सुटली आहे, पूर्ण नाही. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो. चिमटा माझ्याकडेच राहिलाय, तोही आणतो.

तुमचा,
कळव्याचा पोरगा