समोरच्यांचं दार पॉलिश करून गेलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. समोरच्या ब्लॉकचं सागवानी दार तुम्ही तीन दिवस पॉलिश करत होतात, तिन्ही दिवस चहा आमच्याकडे झाला, तरी ‘काका’च्या पुढे गाडी गेली नाही. समोरचे म्हणतात, माणूस सुताराने आणला होता. सुतार म्हणतो, काका आता दुसऱ्या कामावर गेले, कुठे ते माहीत नाही. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय. तुमचा नातू दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असतो असं तुम्हीच म्हणाला होतात. त्याच्या नजरेस पडलं तर तो वाचून दाखवेल.

मी डोंबिवलीचा, तिसऱ्या मजल्यावरचा, लाल गिटारवाला.

त्या दिवशी मी तुमच्याकडे आलो तो वाटीभर थिनर मागायला. दुसरं कोणी असतं तर वाटी भरून दिली असती आणि कामाला लागलं असतं. तुम्ही हातातला पॉलिशचा बोळा खाली ठेवलात आणि विचारलंत, “देतो, पण कशाला हवंय?” या पत्रातले निम्मे आभार त्या एका प्रश्नाचे आहेत.

गिटारची अवस्था तुम्ही पाहिलीच. 1992 साली सेकंडहँड घेतलेली, इलेक्ट्रिक. आमचा ऑर्केस्ट्रा होता, गणपती-नवरात्रात जोरात चालायचा. गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहायची आणि गिटारच्या वरच्या कडेला सेलोटेपने डकवायची, म्हणजे मान खाली घातली की पुढचं गाणं दिसतं. कार्यक्रम संपला की चिठ्ठी फाडायची. टेप तिथेच. पुढच्या कार्यक्रमाला त्याच्यावर दुसरा टेप. खालच्या बाजूला ऑर्केस्ट्राच्या नावाचा हातभर स्टिकर (बरं, वीतभर). 1999 मध्ये नोकरी लागली आणि गिटार माळ्यावर गेली. वर थेट गच्ची, त्यामुळे मे महिन्यात आमचा माळा म्हणजे भट्टीच. पंचवीस उन्हाळ्यांनी लेकीने ती खाली काढली, तेव्हा टेपचं प्लास्टिक पापडासारखं कुडकुडत सुटून आलं; गोंद मात्र जागा सोडेना. काकवीच्या रंगाचा, वर धूळ बसून काळवंडलेला, बोट लावलं की तार सुटणारा. लेकीने तोवर नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली शोधून ठेवलीच होती.

तुम्ही आत आलात, गिटार पालथी केलीत आणि म्हणालात, “हे मागचं झाकण उघडतं का?” सहा स्क्रू. आत स्प्रिंगा. इतक्या वर्षांत मी ते झाकण एकदाही उघडलं नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटते. आतल्या कडेला बाहेरचा लाल रंग थोडा उडून बसला होता. तुम्ही कान कोरायच्या काडीचा कापूस थिनरमध्ये जेमतेम ओला केलात, तिथे टेकवलात, मनात काहीतरी मोजलंत आणि काडी उचललीत. कापूस कुंकवात बुडवल्यासारखा लाल.

“ड्यूको आहे. गॅरेजमध्ये मारून घेतलाय का?”

मी चाटच पडलो. 1994 मध्ये कल्याणच्या एका गॅरेजात मीच तो मारून घेतला होता, शेजारी उभ्या असलेल्या मारुतीचा उरलेला रंग. पार विसरलो होतो. वाटीभर थिनर घेऊन मी बसलो असतो तर गोंदाबरोबर रंगही फडक्यावर आला असता, आणि नेलपॉलिश रिमूव्हरनेही तेच केलं असतं, कारण त्यात बहुतेक वेळा असतं ॲसिटोन, आणि ते या रंगाचा थिनरइतकाच फडशा पाडतं. वरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीलाही त्याने सोडलं नसतं.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं: “प्रत्येक पॉलिशचा एक वैरी असतो. लाखेचा स्पिरिट, ड्यूकोचा थिनर. पीयूला वैरी नाही, पॉलिश पेपर सोडला तर. आधी पॉलिशची जात ओळखायची, मग डागाकडे बघायचं.” (पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश.) मी डागाकडेच बघत बसलो होतो.

नंतर थोडं वाचलं. ड्यूको हे 1920च्या दशकात अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने मोटारींसाठी काढलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव. आधी गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस लागायचे, हा काही तासांत वाळू लागला. ते नाव आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांच्या आणि फर्निचरवाल्यांच्या तोंडी इतकं बसलं की रंग कुठल्याही कंपनीचा असो, तो ड्यूकोच. आणि गंमत म्हणजे गिटारवाल्यांनीही रंग मोटारींकडूनच उचलले. फेंडर या गिटार कंपनीचा प्रसिद्ध फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्ड गाडीचा रंग. तेव्हा मारुतीचा लाल मारून मी काही फार मोठं पाप केलेलं नाही, असं लेकीला सांगितलं. तिला पटलेलं नाही.

तुम्ही थिनर परत डब्यात ओतलंत आणि पिशवीतून व्हाइट पेट्रोलची बाटली काढलीत. लायटरमध्ये भरतात त्याच जातीचं. गोंद सैल करतं, ड्यूकोला हात लावत नाही. तरी आधी त्याच झाकणाखाली लावून पाहिलंत. कापूस पांढराच राहिला, तेव्हा कुठे पुढे सरकलात. त्याआधी गॅस बंद आहे ना ते बघायला मला पाठवलंत, आणि आईला देवघरातली समई अर्धा तास शांत करायची विनंती केलीत. आई कोणाच्या सांगण्यावरून समई विझवेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. “याचा वाससुद्धा पेट घेतो, आजी,” एवढं तुम्ही म्हणालात आणि ती उठली. खिडक्या सताड उघडल्या, पंखा मात्र लावू दिला नाहीत.

लेक म्हणाली, हेअर ड्रायरने गरम करून बघूया का, व्हिडिओत तसं करतात. “पीयू असता तर चाललं असतं. हा जुना ड्यूको, ऊब लागली की मऊ होतो, रंगासकट सोलून येईल.” तेवढ्यात आईने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. तिला तुम्ही चूक म्हणाला नाहीत. तेलाने गोंद सुटतो, रंगलेल्या जागी लावून पुसलं तर हरकतही नाही, पण पडद्यांच्या पट्टीवर, म्हणजे तारा बोटांनी दाबतात तिथे, उघडं लाकूड आहे, त्यात तेल मुरेल आणि पुढे धूळ धरेल, असं समजावून सांगितलंत. तिथे मी नवशिका असताना सा-रे-ग-मच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांचा गोंद तुम्ही जवळजवळ कोरड्या फडक्याने, एकेका घरात, तारा बोटाने बाजूला धरून काढलात. मानेच्या मागचा भाग तपासायला खुंट्यांच्या मागे थिनरचा ठिपका टेकवलात. कापसाला काही लागलं नाही. “ही मान कारखान्यातली आहे, तुमच्या गॅरेजवाल्याने हिला हात लावलेला नाही.” एकाच गिटारला दोन पॉलिश असू शकतात, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

मुख्य काम पाहताना मला माझ्या आजोबांची आठवण आली, ते असंच सावकाश आंबा सोलायचे. पेट्रोल कधी गिटारवर ओतलं नाहीत, फडक्यावरच. ओलं फडकं गोंदावर नुसतं टेकवून ठेवायचं, अर्धा मिनिट. उचललं की गोंद फुगून खिरीवरच्या सायीसारखा झालेला. मग माझ्या जुन्या एटीएम कार्डाची कड, फडक्यात गुंडाळून, आडवी धरून, बाहेरून आत. प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी. मी एकदा तीच घडी पुन्हा फिरवली तर मनगट धरलंत: “काढलेला गोंद परत लावताय.” वापरलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू दिली नाहीत, बाल्कनीच्या कठड्यावर एकेक पसरून वाळवायला लावलीत. वरच्या प्लास्टिकच्या पट्टीला पेट्रोल नकोच म्हणालात. तिथे साबणाचं पाणी, तेही पिळून काढलेल्या फडक्याने, स्विचांपासून लांब.

वीतभर स्टिकरच्या जागी मात्र एक चौकोन उरला. गोंद नाही, खरखर नाही, पण आतला लाल ताजा आणि भोवतालचा विटकरी. माझा चेहरा पाहून तुम्ही म्हणालात की रबिंग कंपाउंडने थोडंफार जुळवता येईल, पण ड्यूकोचा थर पातळ आहे, घासता घासता लाकूड दिसायचं. “डाग गेलाय. हा डाग नाही, हा मूळ रंग. बाकीचा उन्हाने खाल्लाय.” मी जुळवून घेतला नाही.

पैशाचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, काहीतरी वाजवून दाखवा. ॲम्प्लिफायर कधीच भंगारात गेला होता. मी तशीच वाजवली. तुम्ही जरा वेळ ऐकलंत आणि मग अगदी निरागसपणे विचारलंत, “एवढाच आवाज?” लेक इतकी हसली की खाली बसली. या गिटारच्या पोटात पोकळी नसते, हिचा आवाज वायरीतून बाहेर येतो, हे सांगितल्यावर तुम्ही पुढे येऊन लाकडाला कान लावलात आणि मला पुन्हा वाजवायला सांगितलंत. त्या रंगाला कोणी कान लावेल असं ते पॉलिश मारणाऱ्याला वाटलं नसेल.

आता एक छोटा ॲम्प घेतलाय. लेक रोज संध्याकाळी वाजवते, अजून बोटं अडखळतात. चिठ्ठी लावायची झाली तर स्टँडवर लावते.

आणि काका, तुमचा बोळा आमच्याकडे राहिलाय. बोर्नव्हिटाच्या डब्यात, चपात्यांच्या फडक्यात गुंडाळलेला. समोरच्यांच्या दाराशी सापडला. सुकू नये म्हणून तुम्ही झाकण घट्ट लावून ठेवायचात हे पाहिलं होतं, तसंच ठेवलंय, स्वयंपाकघरापासून लांब. येऊन घेऊन जा. रविवारी या म्हणजे मोठ्या आवाजात ऐकवता येईल.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा