सर्व्हर चालू आहे हो, पण आकडा बरोबर आहे का?

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात रोज शहरांच्या तापमानाचा तक्ता येतो, तो मी आवडीने बघतो. माझं काम वेबसाइट आणि ॲपच्या टेस्टिंग-मॉनिटरिंगचं, त्यामुळे तो तक्ता बघताना दरवेळी एकच प्रश्न पडतो की हा आकडा हवामान केंद्रावरून (स्टेशनवरून) निघून छापून येईपर्यंत मधे कुणी तपासला का. कारण सेवा सरकारी असो की खासगी, ऑनलाइन काही अडलं म्हणून तक्रार केली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "आमच्याकडे सर्व्हर चालू दाखवतोय". आणि ते खोटंही नसतं, सर्व्हर चालूच असतो, फक्त तो समोरच्याला नेमकं काय पाठवतोय ते कुणी उघडून बघितलेलं नसतं.

नागपूरकरांना ३० मे २०२४ चा दिवस आठवत असेल. रामदासपेठेकडच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, सोनेगावच्या केंद्राने ५४. स्क्रीनशॉट घरोघरच्या ग्रुपवर फिरले, बातम्याही लागल्या. आता भारताचं आजवरचं सगळ्यात जास्त तापमान म्हणजे राजस्थानातल्या फलोदीचं, १९ मे २०१६ चं ५१ अंश, आणि जगाचा रेकॉर्ड अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा, ५६.७. म्हणजे आमचं नागपूर एका दुपारी थेट जगाच्या रेकॉर्डपासून पाऊण अंशावर जाऊन बसलं, आणि त्याच वेळी परिसरातली बाकीची दोन केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती! नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरचा घोटाळा होता. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवले होते, तिथेही खात्याने माणसं पाठवून दुसऱ्या यंत्राशी ताडून बघितलं तेव्हा सेन्सर ३ अंश जास्त दाखवतोय असं निघालं.

खात्यावर टीका करायला हे लिहीत नाहीये, त्यांनी लगेच खुलासा केला आणि तपासणीही केली. मुद्दा वेगळाच आहे. त्या दोन्ही दिवशी तांत्रिकदृष्ट्या काहीच बंद पडलं नव्हतं. सेन्सरने रीडिंग दिलं, ते सर्व्हरवर पोचलं, वेबपेजवर दिसलं, सगळी साखळी मस्त चालली. आमच्या भाषेत सांगायचं तर एंडपॉइंटला, म्हणजे ज्या पत्त्यावर मागणी केली की डेटा मिळतो तिथे, रिक्वेस्ट मारली असती तर २०० आलं असतं. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे असं पानच नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमधे गडबड, ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. बहुतेक ठिकाणचं मॉनिटरिंग इथेच संपतं, दर मिनिटाला हाक मारायची, २०० आलं की डॅशबोर्डवर हिरवा दिवा. दुकानाचं शटर वर आहे एवढं बघून आत माल आहे असं धरून चालायचं, तसला प्रकार.

मी जे जे बघितलंय ते सांगतो. २०० येतं आणि आत डेटाऐवजी लॉगिनचं पान असतं. २०० येतं आणि आत लिहिलेलं असतं "काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा". यादी येते पण रिकामी. तापमानाच्या जागी शून्य येतं, म्हणजे रीडिंग आलंच नाही पण कुणीतरी कोडमधे रिकाम्या जागी शून्य भरायचं ठरवून टाकलं, आणि मग मे महिन्यात अकोल्याला शून्य अंश. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो, ३८.४ वगैरे, पण तो काल दुपारचा असतो, तेव्हापासून स्टेशन गप्प आहे आणि पेज तोच आकडा दाखवत बसलंय. हे पकडायला काही रॉकेट सायन्स लागत नाही. आलेलं उत्तर उघडायचं, त्यातली रीडिंगची वेळ बघायची, किती जुनी आहे ते मोजायचं, आकडा त्या गावाच्या त्या महिन्याच्या शक्य हद्दीत आहे का, तासाभरात दहा अंशांनी उडी मारली का, सहा तास दशांशासकट तोच आहे का, शेजारची केंद्रं काय म्हणतायत. नागपूरचा ५६ यातल्या निदान दोन चाळण्यांत अडकला असता.

पण इथे एक घोळ आहे आणि तो आमच्या क्षेत्रातली पोरंसुद्धा विसरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३-७४. आता त्या दिवशी शेजारच्या केंद्राशी तुलना करणारा प्रोग्राम असता आणि त्याला "जुळत नसेल तर उडव" असं सांगितलेलं असतं तर त्याने मुंबईच्या इतिहासातला सगळ्यात भयंकर आकडा चूक म्हणून फेकून दिला असता. म्हणून विचित्र आकडा पुसायचा नाही, त्याच्यापुढे "तपासणी बाकी" अशी खूण करायची, आणि अलर्ट एका जिवंत माणसाकडे गेला पाहिजे जो फोन उचलून विचारेल. मशीनने फक्त बोट दाखवावं. (आणि तुम्हालाही एक विनंती, पन्नाशीच्या वरचा आकडा आला की हेडलाइनमधे टाकायच्या आधी अशी खूण तुम्ही पण करा.)

कुणी म्हणेल एवढं काय त्यात, दोन दिवस व्हॉट्सॲपवर गंमत झाली आणि विसरले लोक. तर तसं नाहीये. आपल्या राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंबा, केळी, संत्रा, डाळिंबवाल्यांना भरपाई मिळणार की नाही हे केंद्राच्या आकड्यावर ठरतं. तापमान ठरलेल्या रेषेच्या वर ठरलेले दिवस सलग राहिलं तर पैसे, मधे एक दिवस रेषेखाली गेलं की संपलं. तिथे सेन्सर एका अंशाने कमी दाखवत असेल, किंवा मधल्या एका दिवशी रीडिंगच आलं नसेल, तर त्या मंडळातल्या सगळ्या बागायतदारांचं वर्ष त्यावर लटकतं, आणि तालुक्याच्या ऑफिसात विचारायला गेलं की परत तेच, सिस्टीम चालू आहे.

आता तपासा म्हणजे किती तपासा, तर त्यालाही मर्यादा हवी. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर अडखळलं होतं, त्याचं एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, तपासात निघालेलं कारण म्हणजे काही बँका "त्या व्यवहाराचं काय झालं" हे सर्व्हरला पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा, विचारत होत्या आणि त्या विचारण्याच्याच भाराने गाडी अडली. पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून बॅलन्स बघायलाही दिवसाला एका ॲपमधे ५० वेळांची हद्द आली. स्टेशन ज्या गतीने रीडिंग पाठवतं त्या गतीने तपासलं तरी भरपूर झालं.

शिवाय तपासणारा त्याच घरात राहणारा नसावा. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा अमेरिकेत बसली, तेव्हा सेवा चालू-बंद दाखवणारा त्यांचा स्वतःचा बोर्ड बदलण्याची व्यवस्थाही त्याच एस-थ्रीवर टेकलेली होती, त्यामुळे सुरुवातीचे दोनेक तास त्यांना तिथे खरी परिस्थिती टाकताच आली नाही आणि ट्विटरवरून सांगावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, मग आपल्याकडे मॉनिटरिंगचा प्रोग्राम त्याच सर्व्हरवर टाकून मोकळे होतात त्यांना काय बोलणार!

माझं मागणं फार मोठं नाही. राज्यातल्या प्रत्येक केंद्राच्या आकड्यासोबत तो आकडा किती वाजताचा आहे ते ठळक दिसावं, संशयित आकड्यावर खूण असावी, मूळ रीडिंग पुसलं जाऊ नये, आणि हे सगळं कॅप्चा-लॉगिनच्या कटकटीशिवाय कुणालाही मागता येईल अशा एंडपॉइंटवर मिळावं. मग रावेरच्या केळीवाल्याचा कॉलेजात शिकणारा पोरगा पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहून आपल्या मंडळाचं केंद्र किती वाजल्यापासून गप्प आहे हे स्वतःच बघेल, आणि विम्याची मुदत संपायच्या आत तारीख-वेळ लिहून अर्ज देईल.

आपला,
एक वाचक
(मूळ नागपूर, सध्या मुक्काम पुणे)