अंगठ्याला ताल शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

पोर्तुगीजमध्ये आभार मानायला गेले की 'ओब्रिगादा'च्या पुढे माझी गाडी सरकत नाही, म्हणून हे पत्र मराठीत. तुमची नात फोनवर भाषांतर करून वाचून दाखवेलच. थोडं इकडचं तिकडे होईल, चालवून घ्या.

नोकरीसाठी ब्राझीलमध्ये, रेसिफेला आले तेव्हा गिटारवर इथलीच बॉसा नोव्हा शैली बऱ्यापैकी वाजवत होते. तुमच्याकडचा बायाँव हा ताल मात्र हातात बसेना. तुम्ही गिटारवाले नाहीत, जन्मभर झाबुंबा हा ढोल वाजवलात, आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं. कॉर्ड कुठला, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. माझी तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मुठीत घट्ट धरलीत आणि म्हणालात, "आता वाजव."

उरला अंगठा. आठ मात्रा मोजायच्या: पहिलीवर पाचवी तार, चौथीवर सहावी, आणि पाचवीवर गप्प. हे गप्प बसणंच जिवावर येतं! आमच्या केरवा तालातही पाचवी मात्रा खालीच, म्हणजे बिनजोराची, पण तिथे निदान तबल्यावर 'न' तरी वाजतो. इथे चौथीचा नाद तसाच पुढे वाहू द्यायचा. मग बोटं सोडलीत, पण गिटार काढून घेऊन हातात ट्रायँगल, तो धातूचा त्रिकोण, दिलात. सगळ्या मात्रा वाजवायच्या, नाद दाबणारी मूठ मात्र तिसरी आणि सातवीलाच उघडायची. मनगट भरून आलं, पण गिटार परत घेतल्यावर बोटं आपोआप त्याच दोन मात्रांवर पडू लागली.

गायक लुईझ गोंझागांनी १९४६ पासून बायाँव शहरोशहरी पोचवला, हे मला ठाऊक होतं. पण सांफोना (म्हणजे अकॉर्डियन), झाबुंबा आणि ट्रायँगल हे त्रिकूट नंतरचं, त्याआधी सेर्ताँवच्या कोरड्या मुलखातले गायक दोन कडव्यांच्या मध्ये व्हियोला या गिटारसारख्या वाद्यावर हा ठेका धरत, हे तुमच्याकडून कळलं. म्हणजे ताल मुळात तारांच्याच घरचा. मी उगीच पाहुण्यासारखी बिचकत होते. त्यात तुम्ही गुणगुणलात ती चाल तीव्र मध्यम आणि कोमल निषादाची, थेट आमच्या वाचस्पती रागाचे स्वर. मग काय, मी सुटलेच.

साँव जुआँवच्या सणाला कारुआरू शहरात वाजवायला तुमच्या शेजारी उभं केलंत, त्याचे वेगळे आभार. सांफोनापुढे माझी गिटार कोणाला ऐकू गेली असेल असं वाटत नाही, पण तुम्ही मान डोलावत होतात.

पाचवी तार तुटली होती, नवी चढवली आहे. रविवारी येते.

आपली,
वरच्या मजल्यावरची गिटारवाली