सुध्या, पोफरणचा फोटो सापडला

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय सुध्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही. शिव्या दे, ऐकून घेतो. शुगर आटोक्यात आहे, हिचे गुडघे तसेच.

परवा दिवाळीच्या साफसफाईत मुलाने अण्णांची पत्र्याची ट्रंक रद्दीवाल्याला देऊन टाकली. कळलं तसा अनवाणी धावलो. अर्धे कागद तोवर गेलेच. जे हाती लागलं त्यात आमच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकाची पत्रिका, कँटीनची कुपनं, आणि तुमच्या पोफरणच्या घराचा फोटो! ओटीवर काकू, मागे बांबूवर बोंबील, आणि मागचं चाक काढलेली तुझी सायकल. ते चाक कुणाकडे होतं, ते आता तरी कबूल कर.

तारापूरच्या ३ आणि ४ नंबर युनिटांसाठी अक्करपट्टी-पोफरण ही गावं उठली तेव्हा तू म्हणाला होतास, "तुमच्या कॉलनीचा इतिहास लिहितील, आमचं नावही राहणार नाही." मी वर तोंड करून म्हणालो, "देशाला वीज नको का?" चार महिने आपण बोललो नाही. सुध्या, तुझं खरं होतं. २८ ऑक्टोबर १९६९ ही केंद्र सुरू झाल्याची तारीख आम्हा कॉलनीतल्या पोरांना तोंडपाठ होती. पोफरणच्या एका होडीचं नाव कुणी आमच्याकडून पाठ करून घेतलं नाही.

स्कॉटलंडमध्ये डाउनरेच्या अणुभट्ट्या मोडायचं काम वर्षानुवर्षं चाललंय. जवळच्या विक गावात २०१७ साली 'न्यूक्लियस' नावाचा दप्तरखाना उघडलाय. ब्रिटनभरच्या अणुकेंद्रांचे कागद तिथे येतात, आणि केथनेस परगण्याची जुनी दप्तरंही त्याच छपराखाली ठेवलीत. भट्टी बंद झाली तरी तोडकाम आणि कचऱ्याची राखण पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात असते, म्हणून तिचे कागद जपावेच लागतात. तिथे गावाचे कागदही ठेवावेत, हे कुणाला तरी सुचलं ना! तारापूरला हे का होऊ नये? अण्णांची कुपनं आणि काकूंचा फोटो एका कपाटात का नसावेत?

डिसेंबरात बोईसरला येतोय. काकूंना बोलतं करू, मोबाइलवर सगळं घेऊ. होड्यांची नावं, मासळीचे भाव, घर सोडलं त्या दिवशी काय काय उचललं ते. त्यांचं वय बघता पुढच्या वर्षावर टाकायला मन धजत नाही.

सूनबाईचं बाळंतपण नीट झालं ना? नातीला आशीर्वाद. तुझं पेन्शनचं प्रकरण मिटलं का, तेही कळव.

फोटो पोस्टाने पाठवत नाही. काकूंच्या हातात मीच देईन.

तुझा,
बाळ्या