सलाम फेरल्यानंतर

लाडक्या चिमणे,

अस्सलामु अलैकुम.

पोचलीस हे अम्मीच्या फोनवरून कळलं. ‘पोचले. ठीक.’ एवढंच. अम्मीने ते मला तीनदा वाचून दाखवलं, त्या दोन शब्दांत आणखी काहीतरी दडलं असल्यासारखं. तुझा वाचायचा चष्मा इथेच राहिलाय. जुना लावून बसत असशील तर डोकं धरेल. उद्याच पाठवतो.

त्या विषयावर, मुअज्जिनचाचांच्या मुलाशी तुझ्या लग्नावर, लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. माझ्या बहिणीच्या, तुझ्या फूफीच्या, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, आता ती सगळ्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजते. भाईजानचं ते बदलीचं अजून लटकलेलंच आहे. मी गोळ्या वेळेवर घेतो. झालं. खुशाली संपली आणि पान अजून कोरंच आहे.

दारात चपला घालता घालता तू म्हणालीस, ‘अब्बा, दर जुम्म्याला तुम्ही अजान देणाऱ्या मुअज्जिनचाचांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता. ती बरोबरी नमाज संपवून सलाम फेरला की संपते का?’ उत्तर ऐकायला तू थांबली नाहीस. थांबली असतीस तरी माझ्याकडे नव्हतं. मी फक्त ‘आवाज खाली’ म्हणालो, आणि तुझा आवाज तर वर गेलेलाच नव्हता.

काल जुम्मा होता. ते नेमके माझ्या उजव्या हाताला आले. त्यांचा गुडघा हल्ली वाकत नाही, उठताना हाड कटकन वाजतं. नमाजेचं आवर्तन, रकात, कितवी ते मी विसरलो. जुम्म्याच्या फर्ज दोनच असतात, त्यातही विसरलो.

तू सहावीत होतीस तेव्हाचं आठवतं का? मला मशिदीत बोलायला सांगितलं होतं आणि माझं अक्षर मलाच लागत नाही म्हणून भाषणाची स्वच्छ प्रत तू काढलीस. हिजरी १०, इसवी सन ६३२, रसूलुल्लाहांची, पैगंबर मुहम्मदांची, अखेरची हज. ‘अरबाला अरबेतरावर श्रेष्ठत्व नाही, गोऱ्याला काळ्यावर नाही, काळ्याला गोऱ्यावर नाही, असलं तर तक्वाचं, अल्लाहचं भय बाळगून नेक वागण्याचं.’ तू पेन थांबवून विचारलंस, ‘तक्वा मोजायचा कसा?’ मी म्हणालो, तो आपण मोजायचा नसतो, मोजणारा वेगळा आहे. त्यावर तू म्हणालीस, ‘मग आपल्यापुरते सगळे सारखेच झाले की!’ ते मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. माझी पोरगी, अकरा वर्षांची, असं म्हणाली म्हणून. तीच पोरगी आता तेच वाक्य माझ्यासमोर आणून ठेवते तर मी म्हणतो आवाज खाली.

त्याच हजच्या खुतब्यातली, प्रवचनातली, आणखी एक गोष्ट आहे. भाषणात मी ती नेहमी घाईने उरकायचो, टाळी (म्हणजे सुभानल्लाह) मिळायची ती पुढच्या वाक्याला. जाहिलियतचं, म्हणजे इस्लामआधीच्या अज्ञानाच्या काळातलं, सगळं व्याज रद्द, असं जाहीर करताना रसूलुल्लाहांनी पहिलं रद्द केलं ते स्वतःच्या चुलत्याचं, हजरत अब्बासांचं येणं. जुन्या खुनांचे बदले रद्द केले, तेव्हा पहिला दावा सोडला तो स्वतःच्याच कुळातल्या मुलाच्या खुनाचा. सुरुवात घरातून केली. परवापासून मला तेवढंच आठवतंय, ते मोठं वाक्य आठवतच नाही.

तरी मी अगदीच निरुत्तर आहे असं समजू नकोस. फिकहच्या, धर्मकायद्याच्या, पुस्तकांत ‘कुफू’ आहे, जोडीदार बरोबरीचा असावा हा विचार आहे, आणि हनफी पंथाच्या आलिमांनी, धर्मपंडितांनी, त्यात वंश, पेशा, ऐपत सगळं मोजलंय. मी हे तुला ऐकवणारच होतो. मग डोळ्यांपुढे तुझा चेहरा आला. तू शांतपणे म्हणाली असतीस, मालिकी पंथाचे इमाम मालिक दीन, म्हणजे धर्मनिष्ठा, बघा म्हणाले, ते का नाही वाचलंत? वाचलंय. आणि हेही ठाऊक आहे, की जुन्या आलिमांनी हे लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मुलीची सोय होती. माझ्या डोळ्यांपुढे काय होतं ते मी आत्ता लिहीत नाही.

खरं सांगायचं तर मला भीती दुसरीच आहे. हजरत झैनब रसूलुल्लाहांच्या आत्याची मुलगी, आई कुरैश या मक्केतल्या मानाच्या कुळातली. त्यांचा निकाह रसूलुल्लाहांनी स्वतः लावून दिला हजरत झैदशी, जे एके काळी गुलाम म्हणून बाजारात विकले गेले होते. बरोबरीचा याहून मोठा दाखला कुठला? आणि ते लग्न टिकलं नाही. कुरआनात नावानिशी उल्लेख आलेला एकच सहाबी, रसूलुल्लाहांचा सोबती, आहे, तो झैद, आणि तो उल्लेख या तुटलेल्या लग्नाच्याच संदर्भात आहे. लावून देणारे रसूलुल्लाह, निभावणारी दोन्ही माणसं नेक, तरी नाही जमलं. मग आपण कोण? उद्या बिनसलं तर?

हे लिहायचं नव्हतं. राहू दे.

तू यावर काय म्हणशील तेही मला माहीत आहे, म्हणून मीच लिहून टाकतो. फातिमा बिन्त कैस, कुरैशच. त्यांना दोन मागण्या आल्या, दोन्ही कुरैशांच्या. रसूलुल्लाह म्हणाले, मुआवियाच्या हाताशी पैसा नाही, अबू जहमच्या खांद्यावरची काठी खाली येत नाही, तू उसामाशी निकाह कर. उसामा म्हणजे त्याच झैदचे चिरंजीव! बाईंना आधी पटलंच नाही. त्या स्वतःच तसं सांगतात, हे मला फार आवडतं. मग सांगतात, अल्लाहने त्यात इतकी भलाई घातली की लोक माझा हेवा करू लागले.

पण बेटा, ती काठी लक्षात घे. रसूलुल्लाहांनी वंश नाही बघितला, काठी बघितली. मी तेवढं विचारू शकतो ना? त्याचा राग कसा आहे? रागावला की गप्प बसतो का वस्तू आपटतो? कुणाचं देणं आहे का? तुझी नोकरी चालू ठेवण्याबद्दल तो तुझ्या पाठीमागे, त्याच्या मित्रांत काय बोलतो? तू भोळी आहेस. माणूस ओळखायला वेळ लागतो, आणि तुम्हा मुलांना वाटतं चार पुस्तकं वाचली की माणूस कळला. लग्न म्हणजे वादसभा नाही, तिथे मुद्दा जिंकून

माफ कर. वरचं वाक्य अर्धंच सोडतो. वर्गात चाळीस वर्षं उभा राहिलोय, बसून लिहायला लागलो तरी उभ्याने बोलतो.

गेल्या वर्षी गुलामगिरीवरून आपलं वाजलं होतं ना, तेही आठवलं. एवढी समता होती तर गुलामी बंद का नाही केली, असं तू विचारलंस. मी तासभर बोललो. गुलाम मुक्त करणं हे केवढं पुण्याचं ठरवलं, कितीतरी चुकांचं प्रायश्चित्तच ते ठेवलं, हळूहळू ती विहीर आटावी अशी व्यवस्था केली. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘सौदी अरबस्तानात १९६२ आणि मॉरिटानियात १९८१. फारच हळूहळू आटली, अब्बा.’ मला राग आला होता. पुस्तक मिटून मी उठून गेलो. तू खोटं बोलली असतीस तर मी बसून राहिलो असतो.

त्या दिवशी एक गोष्ट सांगायची राहिली. हजरत अबू जर, एवढे मोठे सहाबी, त्यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून टोचलं. रसूलुल्लाह त्यांना म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत आहे. हे तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता ते त्यांना खायला द्या, नेसता ते नेसायला द्या. पुढे कितीतरी वर्षांनी कुणी तरी रबजा गावी अबू जरना बघितलं, तर त्यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर एकसारखे कपडे. मुसलमान होऊनही, रसूलुल्लाहांच्या सोबतीत राहूनही माणसात जाहिलियत शिल्लक राहते, आणि तोंडावर सांगितल्याशिवाय ती त्याला दिसत नाही. मला तू सांगितलंस. अबू जर माझ्यापेक्षा लवकर ऐकणारे होते एवढंच.

आता मुअज्जिनचाचांचं. हे तुला माहीत नाही, तू तेव्हा परीक्षेला गेली होतीस. दादा, माझे अब्बा, गेले तेव्हा गुस्ल द्यायला, मयताला अंघोळ घालायला, घरातला माणूस हवा, आणि घरातला मी. मी खोलीच्या दारापर्यंत गेलो, पुढे पाय उचलेना. चाचा आत होते. बाह्या वर सारून, पाणी कोमट करून घेऊन. त्यांनी मला बोलावलंही नाही, लाजवलंही नाही. थोड्या वेळाने नुसतं म्हणाले, ‘मास्तर, पाणी ओता, एवढं तुम्ही करा.’ मी ओतलं. दादांचा हात त्यांनी असा धरला होता, जसा शाळेत जाणाऱ्या पोराचा धरतात. संपल्यावर मी त्यांच्यापुढे पाकीट धरलं. त्यांनी ते घेतलं नाही, आणि मला, खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखं वाटलं नाही, अपमान झाल्यासारखं वाटलं.

या माणसाच्या मुलाबद्दल मी परवा म्हणालो, ‘ते आपल्या बरोबरीचे नाहीत.’

मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक काळी बाई होती. एका रात्री ती वारली, लोकांनी रात्रीच दफन केलं. रसूलुल्लाहांना कशाला उठवायचं, असं वाटलं, आणि ती बाई लोकांना तेवढी मोठीही वाटली नाही. ती दिसेना म्हणून रसूलुल्लाहांनी विचारलं. कळल्यावर म्हणाले, मला का नाही सांगितलंत? मला तिची कबर दाखवा. आणि तिथे जाऊन तिच्यासाठी नमाज पढले. ही हदीस, रसूलुल्लाहांची ही आठवण, मी मुलांना किती वर्षं शिकवली! आणि आमच्या मशिदीत झाडू कोण मारतं, त्याच्या घरी किती माणसं आहेत, हे मला तुझ्यामुळे कळलं.

अम्मी आत्ता डोकावून गेली. ‘लिहिताय का अजून? बोलावून घ्या की तिला.’ तिला सगळं सोपं वाटतं. तिने त्या मुलाबद्दल एकच विचारलं, हसतो का तो? मी म्हटलं हा काय प्रश्न झाला.

शेजारचे काका गेले तेव्हा तू सात-आठ वर्षांची असशील. आपण जायचं का, ते तर वेगळ्या धर्माचे, असं तुला शाळेत कुणी तरी सांगितलं होतं. मी तुला एका यहुद्याच्या जनाज्याची गोष्ट सांगितली. जनाजा जाताना रसूलुल्लाह उठून उभे राहिले, कुणी म्हणालं, हा तर यहुदी, तर त्यांनी विचारलं, तो जीव नव्हता का? तू माझं बोट धरून आलीस आणि स्मशानाकडे जाणाऱ्या त्या सगळ्यांकडे बघत पूर्ण वेळ ताठ उभी राहिलीस. परक्याच्या मयतीला उभं राहायला मी तुला शिकवलं. ते सोपं होतं, बेटा. मयत आपल्या घरात राहायला येत नाही, आपल्याशी नातं जोडत नाही.

ते बिनसण्याचं मी परत काढतोय, मला कळतंय. पण फूफीच्या लग्नाचं तू ऐकलं आहेस ते अर्धंच आहे. चार वर्षं तिने कुणालाही काही कळू दिलं नाही. आणि तिचं तर बरोबरीच्या घरात झालं होतं, खानदान बघून, पिढ्या मोजून. दादा रुखसतीच्या, सासरी पाठवणीच्या, वेळी तिला म्हणाले होते, आता तेच तुझं घर. सगळेच बाप म्हणतात. तिने ते शब्दशः घेतलं. नंतर दादा कित्येक रात्री अंगणात फेऱ्या मारायचे, मी बघितलंय. मला भीती त्या मुलाची नाही, त्याच्या घराण्याची नाही. परवाच्या माझ्या त्या एका वाक्यानंतर उद्या तुला काही दुखलं, तर तू अब्बांकडे जाशील का ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे ऐकावं लागेल म्हणून गप्प बसशील? मी असं म्हणणार नाही. लिहून देतो, हे पत्र जपून ठेव.

काल नमाजनंतर त्यांच्या घरी जायचं ठरवलं होतं. गल्लीच्या वळणापर्यंत गेलो. चाचा चटया झटकून पुढे चालले होते, लंगडत. मी हाक मारली असती तर थांबले असते. नाही मारली. काय म्हणून मारू, तेच सुचेना. इतकी वर्षं मी त्यांना नावाने हाक मारतो आणि ते मला मास्तर म्हणतात, साहेब म्हणतात, वयाने ते माझ्यापेक्षा मोठे आहेत.

चष्म्याच्या डबीत घराची किल्ली ठेवतोय. तू टेबलावर ठेवून गेली होतीस. अम्मीला मी ते सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आणि एवढं कळव, त्यांच्याकडे जाताना अम्मीला बरोबर नेऊ का आधी एकटाच जाऊ? एकटा गेलो तर मला तिथे काय बोलायचं ते जमेल असं वाटत नाही. फोन केलास तरी चालेल. रात्री दहापर्यंत मी जागा असतो. खरं तर त्यानंतरही असतो.

तुझा
अब्बा