स्वातीला पत्र: आता हात थांबत नाही

सांगली, रविवार रात्री

प्रिय स्वाती,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "अजून ते कराटे चालूये का गं तुझं" विचारलंस ना, तर हो, चालूये आणि जोरात चालूये, आणि फोनवर घाईघाईत सांगायचं नव्हतं म्हणून आज पोरं झोपल्यावर नीट लिहायला बसलेय. मी फळी फोडायला लागलेय गं! सुरुवात पावसाळ्यातच झाली होती, पण माझ्यात नेमका काय फरक पडलाय ते आत्ता कुठे कळायला लागलंय, आणि ते पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं कारण तू फिजिक्स शिकवतेस, तुला यातली गंमत माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आमचे सर पाइनच्या फळ्या आणतात, पाऊण इंच जाड, साधारण फूटभर लांबरुंद. फळी हातात आली की आधी रेषा बघायच्या, कारण लाकूड रेषांच्या दिशेनेच चिरतं. म्हणून ज्या दोन कडा धरायच्या त्या रेषांना समांतर हव्यात, उलटी धरली तर हाताला लागेल आणि फळी जागची हलणार नाही. मी आता अंगठा फिरवूनच सांगते कुठली बाजू कशी धरायची. गाठ असलेली फळी बाजूला ठेवायची, आणि दमट असेल तर ती नुसती वाकते, ऑगस्टमध्ये आलेल्या गठ्ठ्याने आमच्यातल्या ब्लॅक बेल्टवाल्यांनाही घाम फोडला होता, शेवटी सरांनी सगळा गठ्ठा उन्हात टाकला.

आणि धरणाऱ्यांचं तर कुणी नावच घेत नाही, मला वाटतं निम्मं श्रेय त्यांचंच. दोघं समोर उभे राहतात, कोपर ताठ, एक पाय मागे रोवलेला, बोटं कडेवर, तोंड बाजूला वळवलेलं. त्यांचा हात जरा जरी मागे गेला की आपला अर्धा जोर तिथेच वाया. आता मला फळी धरायला उभं करतात आणि त्याचाही मला तितकाच आनंद होतो.

आता मुख्य गोष्ट. मी तळहाताने मारते, मनगटाजवळचा जो जाड भाग असतो ना त्याने. पहिले कित्येक आठवडे काय व्हायचं, पाय बरोबर, कंबर बरोबर वळायची, आवाजही दणक्यात निघायचा, आणि फळीपाशी पोचता पोचता हात आपोआप आखडायचा. मन आयत्या वेळी कच खायचं. आणि न फुटलेली फळी फुटलेल्या फळीपेक्षा जास्त दुखते, फुटली तर हात पुढे निघून जातो, नाही फुटली तर सगळा धक्का आपल्याच हाडात येतो, म्हणजे भीतीने जपलेल्या हातालाच जास्त लागतं. सर एकच सांगायचे, फळीकडे बघू नको, फळीच्या मागे वीतभर अंतरावर मार.

यामागे खरंच गणित आहे बरं का. हात पूर्ण लांब होतो तेव्हा त्याचा वेग शून्यावर आलेला असतो, सगळ्यात जास्त वेग त्याच्या बराच आधी असतो, म्हणून फळी मधल्या टप्प्यावर गाठायला हवी. यावर 1979 साली सायंटिफिक अमेरिकन मासिकात तिघांनी लेख लिहिला होता, त्यात एक होता रोनाल्ड मॅकनेअर, स्वतः ब्लॅक बेल्ट, अमेरिकेतल्या एमआयटीतून फिजिक्समध्ये पीएचडी, आणि पुढे अंतराळवीर झाला, 1986 च्या चॅलेंजर यानाच्या अपघातात गेला गं. त्याच्याबद्दल वाचल्यापासून मला या सगळ्याबद्दल वेगळाच आदर वाटायला लागलाय, तुझ्या अकरावीच्या मुलांना नक्की सांग.

तर गेल्या आठवड्यात मी उभी राहिले, श्वास सोडला, आणि मध्ये काही विचारच आला नाही. फट् असा कोरडा आवाज आला आणि माझा हात दोन तुकड्यांच्या मधून पलीकडे गेलेला होता, तळव्यावर फक्त गरम गरम वाटत होतं. जोर काही वाढलेला नाही, वजनं मी पूर्वीचीच उचलते. ती आखडण्याची सवय गेली, बस. आणि हे क्लासबाहेरही जाणवतंय, ऑफिसात मीटिंगमध्ये बोलायला उठते तेव्हा वाक्य अर्ध्यात गिळत नाही मी आता, शेवटपर्यंत बोलते.

एक मात्र मला अजिबात पटत नाही, गॅदरिंगला टाळ्यांसाठी लहान लहान पोरांकडून कौलं फोडून घेतात ते. त्यांची हाडं अजून वाढत असतात, कशाला तो हट्ट? आमचे सर लहान मुलांना हाताने काही फोडूच देत नाहीत, पॅडवर मारा म्हणतात, म्हणून तर मी अन्वीला बिनधास्त तिथे घातलंय.

आता पुढची तयारी दोन फळ्यांची. मध्ये पेन्सिलीएवढी फट ठेवली तर एकेक करून फुटतात म्हणून सोपं जातं, चिकटून ठेवल्या तर बरंच जड. मला चिकटूनच करायच्यात. जाडी दुप्पट झाली की जोर नेमका किती पट लागतो ते जरा मांडून पाठव ना, सरांना दाखवते. आणि दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस सकाळी क्लासला चल, फळी धरायला मला तूच हवीयेस.

काकूंना नमस्कार.

तुझी,
मेघा